पासोडीचे मोल

घाटनांदूरला रेल्वेतून उतरून अंबाजोगाईला जाणारा माणूस योगेश्वरीचे दर्शन घेऊन परततो. त्याच गावच्या जुन्या वस्तीत दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले.

माझी हयात बँकेत गेली. तारणाच्या अर्जावर जमीन, सोने, यंत्रे यांचे रकाने असत. अशा वस्त्राचा रकाना नव्हता. जे विकत नाही त्याची किंमत शून्य, ही सवय समाजालाही जडली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंद झालाच. पण ज्या घरांनी अभिजाततेचे पुरावे जपले, त्यांच्या दारी संवर्धनाचे जाणकार आणि निधी पोचायला हवेत. चारशे वर्षे श्रद्धेने वस्त्र राखले. कसर आणि दमट हवा मात्र श्रद्धेला जुमानत नाहीत.