पडदा उजळला, विद्यार्थी मुका का?

जळगाव शहराचे उपनगर असलेल्या पिंप्राळ्यातून रोज सकाळी कितीतरी मुलेमुली महाविद्यालयांच्या वाटेला लागतात. वर्गासमोर उभे राहून विषय मांडणे, प्रकल्प समजावून सांगणे, तोंडी परीक्षा देणे आणि पुढे नोकरीची मुलाखत, हे त्यांना आता चुकलेले नाही. मात्र नेमक्या त्या दहा मिनिटांत, रात्री जागून अभ्यास केलेली मुलगी श्रोत्यांकडे पाठ फिरवून पडद्यावरची इंग्रजी वाक्ये वाचत राहते, हे दृश्य सर्वत्र दिसते. ज्ञान असते, पण ते पोहोचत नाही. यात चार गुण जातात ते जातातच; त्याहून मोठी हानी म्हणजे ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ अशी गाठ मनात कायमची बसते.

या न्यूनगंडाच्या मुळाशी तीन गैरसमज आहेत. वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, हा पहिला. आपल्या कीर्तनपरंपरेने तो केव्हाच खोटा ठरविला आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात मूळ अभंग आणि त्याचे निरूपण येते, मध्ये नामजप होतो, उत्तररंगात आख्यान रंगते आणि अखेरीस बुवा पुन्हा मूळ अभंगावर येतात. सिद्धांत, विवेचन, दृष्टांत आणि समारोप! ही बांधणी गुरूजवळ बसून, वर्षानुवर्षे घोकून कमावली जाते. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ ओढणाऱ्या पिंप्राळ्याला हा वारसा परका नाही. जे बुवांना अभ्यासाने साधते, ते विद्यार्थ्याला का साधू नये?

इंग्रजी म्हणजेच प्रभाव, हा दुसरा गैरसमज. १९९० साली जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जवळच्याच आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर तिच्या मुखातून आलेली गाणी इतरांनी टिपून घेतली आणि तिच्या निधनानंतर, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. तिच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्याने घरच्या बोलीची लाज बाळगावी, याहून मोठा विरोधाभास कोणता? इंग्रजीशी वैर धरण्याचे कारण नाही; जिथे ती लागते तिथे ती आलीच पाहिजे. परंतु जो विषय आईला मराठीत, अहिराणीत वा लेवा बोलीत समजावता येत नाही, तो स्वतःलाच समजलेला नसतो. आधी घरच्या भाषेत विचार स्वच्छ करावा, मग तो हव्या त्या भाषेत न्यावा.

तिसरा गैरसमज पडद्याचा. खानदेशातील रथोत्सवांत दोर ओढणारे हात असंख्य असतात; पण चाकाला मोगरी लावून रथ वळविणारे, थांबविणारे जाणकार मोजकेच. पडद्यावरील चित्रे आणि आलेख हे दोर आहेत. मोगरी विद्यार्थ्याच्याच हाती हवी. म्हणून पडद्यावर मोजके शब्द असावेत आणि दृष्टी श्रोत्यांवर. दहा मिनिटांत तीनच मुद्दे घ्यावेत. आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधले, हे पहिल्याच मिनिटात सांगावे. आकडा दाखविला तर त्याचा अर्थही सांगावा. घड्याळ लावून, उभे राहून, मोठ्याने किमान तीनदा सराव करावा. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर तसे सरळ सांगण्यात कमीपणा नाही. कमीपणा थापा मारण्यात आहे.

तथापि सारा भार विद्यार्थ्यावरच टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले होते. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे तेव्हा अवघा सतरा वर्षांच्या आतबाहेरचा. त्याने त्या सभेत कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरविले. प्रतिभा त्या मुलाची होती, हे खरेच. पण एका पोराला उभे राहू देणारी आणि त्याचे मन लावून ऐकणारी सभाही तेथे होती.

आज अशी सभा कोठे आहे? घरात मूल बोलू लागले की दूरचित्रवाणीचा आवाज वाढतो, नाहीतर हातातला मोबाइल सुटत नाही. प्रत्येक वसाहतीत मंदिराचा सभामंडप, वाचनालय वा मंडळाची खोली असते. आठवड्यातून एका संध्याकाळी तेथे एका विद्यार्थ्याला दहा मिनिटे द्यावीत. वडीलधाऱ्यांनी मध्ये न टोकता शेवटपर्यंत ऐकावे आणि एक तरी नेमका प्रश्न विचारावा. यासाठी ना निधी लागतो, ना अनुदान. बोलणारी पिढी हवी असेल, तर ऐकणारा समाज आधी घडवावा लागेल.