स्वस्त शेअरवाल्यांचा संप्रदाय

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई शेअर बाजारात एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स नावाच्या कंपनीचा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. एका दिवसात. दोन दिवसांनी दिवाळी होती. त्या वर्षी मी जिथे जिथे फराळाला गेलो तिथे चकलीच्या आधी प्रश्न आला, “काका, असा दुसरा कुठला आहे का हो, तीन-चार रुपयांतला?”

एल्सिड करते काय, हे एकानेही विचारलं नाही. या कंपनीकडे एशियन पेंट्सचे काही हजार कोटींचे शेअर आहेत आणि तिचे स्वतःचे शेअर आहेत फक्त २ लाख. असा शेअर साडेतीन रुपयांना विकायला त्याचे मालक खुळे नव्हते, म्हणून वर्षानुवर्षं व्यवहार जवळजवळ होतच नव्हते. बाजाराने अशा कंपन्यांसाठी खास लिलाव ठेवला आणि खरा भाव बाहेर आला. त्या दिवशी कोणी श्रीमंत झालं नाही. जे आधीच श्रीमंत होते, त्यांची श्रीमंती फळ्यावर लागली. पण हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो शंकरपाळ्यांकडे वळतो.

माझं उभं आयुष्य ताळेबंद तपासण्यात गेलं, त्यामुळे लोक मला त्यांचा पोर्टफोलिओ दाखवतात. दाखवतात म्हणजे सल्ला मागतात असं नव्हे; कौतुक करून घ्यायला येतात. आणि मी छातीठोकपणे सांगतो, यातले बहुतेक जण शेअर निवडत नाहीत. ते भाव बघतात. शंभराच्या आतला तो स्वस्त, पाच हजारांचा तो महाग, आणि एमआरएफ म्हणजे ‘आपल्यासाठी नाही बुवा’.

जून २०२३ मध्ये एमआरएफचा शेअर एक लाखाच्या वर गेला तेव्हा टाटा स्टीलचा शेअर होता एकशे दहा-बारा रुपयांना. आता भाव आणि शेअरची संख्या यांचा गुणाकार करा. एमआरएफचे शेअर सुमारे ४२ लाख ४१ हजार. म्हणजे अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत ४२ हजार कोटींच्या आसपास. टाटा स्टीलचे शेअर बाराशे कोटींहून जास्त. किंमत सव्वा लाख कोटींच्या पुढे. ज्याला आमचा संप्रदाय ‘स्वस्त’ म्हणतो ती कंपनी ‘महाग’ कंपनीच्या तिप्पट मोठी. हा चौथीतला गुणाकार आहे. तो न करणारी, पण मोबाइलवर तीन-तीन ब्रोकरांची ॲपं असलेली माणसं मी रोज बघतो. एक शेअर तोडून दहा केले की हेच लोक आनंदाने उड्या मारतात. पोळीचे दोनाऐवजी चार तुकडे केल्याने पोट जास्त भरत नाही, हे ज्या घरात लहान मुलांनाही कळतं, त्याच घरातला कर्ता पुरुष स्प्लिटची बातमी वाचून शेअर घेतो.

यांच्यापेक्षा एक पायरी वरचे म्हणजे पीईवाले, शेअरचा भाव कंपनीच्या दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे एवढंच बघणारे. यांना मी जास्त घाबरतो, कारण यांच्याकडे एक्सेलची शीट असते. शीटमध्ये एक बँक, एक सिमेंट कंपनी, एक औषध कंपनी, एक पोलाद कारखाना, आणि समोर एकच रकाना: पीई. ज्याचा आकडा कमी तो विजेता. अरे, बँकेचा कच्चा मालच कर्ज आहे! तिला बुक व्हॅल्यूच्या तराजूत आणि थकीत कर्जांच्या प्रकाशात बघायचं असतं. पोलादाचा नफा तर चीनमधल्या मागणीवर आणि कोळशाच्या भावावर वरखाली होतो. २०२१-२२ मध्ये टाटा स्टीलने ४१ हजार कोटींहून जास्त नफा कमावला आणि त्यानंतर तिचा पीई तीनच्या घरात दिसत होता. शीटवाले हर्षवायूने वेडे व्हायचे बाकी होते. पुढच्या वर्षी नफा आठ हजार कोटींवर आला आणि २०२३-२४ मध्ये ४,९०० कोटींच्या आसपास तोटा. भावाचं पुढे बरं झालं, तो भाग वेगळा. पण चढउताराच्या धंद्यात पीई सगळ्यात कमी दिसतो तो नफा शिखरावर असताना, आणि नेमका तेव्हाच आमचा अभ्यासू गुंतवणूकदार पिशवी घेऊन बाजारात उतरतो.

आता येस बँकेकडे येतो. हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ‘आम्हाला कसं कळणार होतं?’ हे रडगाणं याच बँकेच्या नावाने सगळ्यात जास्त गायलं गेलं.

कळणार होतं. छापून आलं होतं. बँकांनी दाखवलेली थकीत कर्जं आणि रिझर्व्ह बँकेने तपासून मोजलेली थकीत कर्जं यांत मोठा फरक असेल तर तो जाहीर करा, असा नियम रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये केला. त्याप्रमाणे येस बँकेला सांगावं लागलं की मार्च २०१६ अखेरीस आम्ही एनपीए, म्हणजे थकीत कर्जांचा आकडा, दाखवला ७४९ कोटी आणि रिझर्व्ह बँकेच्या मोजणीत तो निघाला ४,९२६ कोटी. साडेसहा पट! एखाद्या वर्षी चूक झाली म्हणावं, तर पुढच्या वर्षीचा फरक ६,३५५ कोटी. ही माहिती २०१७ सालातच लोकांसमोर होती. ती वाचायला ना सीए व्हावं लागत होतं, ना कोणाची आतली ओळख लागत होती. दोन आकडे शेजारी ठेवायचे होते. तुलना म्हणतात ती हीच.

आणि शेअरने शिखर कधी गाठलं? ऑगस्ट २०१८ मध्ये, चारशेच्या आसपास. म्हणजे ही माहिती उघड झाल्यावर पुढे बरेच महिने लोक तो शेअर चढ्या भावाने घेत होते. सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत जानेवारी २०१९ पर्यंतच ठेवली, भाव कोसळला, आणि मग सुरू झालं ते ॲव्हरेजिंग. तीनशेला घेतला होता, दोनशेला आणखी घेतला, शंभरला आणखी, पन्नासला तर ‘आता कुठे जाणार खाली’ म्हणून बायकोच्या नावावर. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले, खातेदाराला ५० हजारांवर पैसे काढता येईनात. पुनर्रचनेत शंभराहून अधिक शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकले. जुलैत बँकेने नवे शेअर विकले १२ रुपयांना.

‘कुठे जाणार खाली’ याचंही उत्तर आहे: शून्यावर. जून २०२१ मध्ये डीएचएफएल या बुडालेल्या गृहकर्ज कंपनीच्या शेअरचे व्यवहार बंद झाले तेव्हा जुन्या भागधारकांच्या हाती एक पैसाही आला नाही. मंजूर झालेल्या योजनेत तसं लिहिलेलंच होतं. आणि तरी शेवटच्या दिवसांपर्यंत हा शेअर लोक विकत घेत होते. का? तर पंधरा-वीस रुपयांना मिळतोय ना!

यावर एक तयार उत्तर येतं. “पण आकडेच खोटे असले तर? सत्यममध्ये काय झालं?” बरोबर. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच लिहून दिलं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. ऑडिटरच्या सह्या त्यावर होत्या, आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांच्या त्या सह्या असल्याने त्यांचा बचाव मी करणार नाही. पण तिथेही प्रवर्तकांचा हिस्सा वर्षागणिक घटत एक आकडी टक्क्यांवर आला होता, आणि हे दर तिमाहीला जाहीर होत होतं. मालकच दुकान विकून निघाला असताना गिऱ्हाइकाने त्यात भागीदारी घ्यावी, यात ऑडिटर काय करणार? लबाडीविरुद्ध शंभर टक्के इलाज नाही, हे मान्य. म्हणूनच मुलीच्या शिक्षणाचे सगळे पैसे एका शेअरात घालायचे नसतात. या वाक्यासाठी कोणी मला फी देत नाही, कारण यात थरार नाही.

मग शेवटचं अस्त्र निघतं, अमळनेर. विप्रोची सुरुवात १९४५ साली जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, तिथल्या अनेक घरांनी तेव्हा शेअर घेतले आणि सांभाळले, आणि पुढे ती घरं कोट्यधीश झाली. खरं आहे, अभिमानाचं आहे. पण ही गोष्ट सांगणारा त्याच गावातली दुसरी गोष्ट गाळतो. अमळनेरात प्रताप मिलही होती. त्या काळात तुपाचा नवा कारखाना आणि नांदती कापडगिरणी यांची तुलना केली असती, तर कुठल्याही शहाण्या माणसाने गिरणीच निवडली असती. गिरणी आजारी पडली, शेवटी सरकारच्या गळ्यात पडली. तूपवाली कंपनी १९८० च्या सुमारास संगणकाकडे वळेल हे १९४६ साली कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अमळनेरकरांनी शेअर न विकण्याचा संयम दाखवला, त्याला माझा नमस्कार. पण त्यांच्या नावावर ‘निवडीचं कौशल्य’ खपवून पाच हजारांचे कोर्स विकणाऱ्यांना कोणी तरी थोबाडायला हवं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. आमचा गुंतवणूकदार सगळ्यांची सगळ्यांशी तुलना करतो, टाटांची अंबानींशी, एचडीएफसीची आयसीआयसीआयशी, स्वतःच्या नफ्याची साडूच्या नफ्याशी. एक तुलना तो मरेपर्यंत करत नाही: आपल्या पोर्टफोलिओची निफ्टीशी.

मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती, ऑगस्ट २०२३ मध्ये दहा कोटी झाली. ही जी झुंड आली तिने फक्त चढता बाजार पाहिला. २३ मार्च २०२० ला ७,६१० वर बंद झालेला निफ्टी सप्टेंबर २०२४ मध्ये २६,२०० च्या वर गेला. एक भाचा मला अभिमानाने सांगत होता, “मामा, साडेचार वर्षांत दुप्पट केले!” निफ्टी त्याच काळात जवळपास साडेतीनपट झाला होता, तोही लाभांश सोडून. रात्र रात्र जागून, चार्ट बघून, ऑफिसात साहेबांच्या शिव्या खाऊन पोराने काही न करणाऱ्यापेक्षा कमी कमावलं होतं, आणि पेढे वाटत होता. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरांवरचा कर आणि दलाली तर त्याने हिशेबात धरलीच नव्हती.

म्युच्युअल फंडांना सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून सक्ती केली, की आपली कामगिरी लाभांश धरून मोजलेल्या निर्देशांकाशीच ताडून दाखवा. फंड चालवणाऱ्या पगारी तज्ज्ञांनाही ही परीक्षा द्यावी लागते आणि त्यांतले कितीतरी नापास होतात. घरच्या वॉरन बफेला मात्र परीक्षाच नाही. तोट्यातले शेअर ‘लाँग टर्मसाठी’ बाजूला काढायचे, विकून झालेला तोटा विसरायचा, आणि उरलेल्या दोन हिरव्या आकड्यांचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

शेअर निवडूच नयेत असं मी म्हणत नाही. निवडणारे चांगले लोक मी पाहिले आहेत. ते मोजके आहेत आणि कंटाळवाणे आहेत. ते एकाच धंद्यातल्या दोन-तीन कंपन्या घेऊन बसतात. नफा वाढतोय पण धंद्यातून रोख पैसा येत नाही, असं दिसलं की त्यांचे कान टवकारतात. प्रवर्तकांनी किती शेअर गहाण ठेवले आहेत ते बघतात, वार्षिक अहवाल मागून वाचायला सुरुवात करतात, म्हणजे टिपांपासून, कारण पुढच्या पानांवर चेअरमनसाहेबांचा फोटो असतो. हे काम दर तिमाहीला करायचं असतं, आणि त्यात मजा अजिबात नसते.

ज्याला हे जमत नाही त्याने निफ्टीचा इंडेक्स फंड घ्यावा. त्यात लाज कसली? आणि ज्याला स्वतःच निवडायचंय त्याने येत्या रविवारी पहिल्या दिवसापासूनची सगळी खरेदी-विक्री, बुडालेलं धरून, एका शीटमध्ये भरावी, एक्सआयआरआर, म्हणजे तारखा धरून वार्षिक परतावा, काढावा आणि शेजारी त्याच काळातला निफ्टीचा लाभांशासहित परतावा लिहावा. आपला आकडा निफ्टीच्या वर असेल तर खुशाल या, चहा माझ्याकडे. खाली असेल तर पुढची टिप मला विचारू नका.