तीस-अकराचा बळी

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या क्लीव्हलँड कॅव्हलियर्सने २२ जानेवारी २०१६ रोजी कोच डेव्हिड ब्लॅट यांना घरी पाठवलं, तेव्हा संघ ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये पहिला होता. ३० विजय, ११ पराभव. आदल्या वर्षी याच ब्लॅटनी संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं होतं. पण चारच दिवसांपूर्वी गोल्डन स्टेटने घरात येऊन १३२-९८ असा धुव्वा उडवला होता आणि तो जिव्हारी लागला होता. जागी आले सहायक टायरन लू. उरलेल्या ४१ सामन्यांत २७ विजय, १४ पराभव. म्हणजे तीन विजय कमीच. आणि जूनमध्ये याच संघाने हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटला अंतिम मालिकेत १-३ अशा पिछाडीवरून हरवून विजेतेपद पटकावलं.

आता सांगा, बदल फळला की फसला?

विजय-पराभवाचा रकाना इथे काहीच सांगत नाही. तुल्यबळ संघांच्या ४१ सामन्यांत तीनेक विजय निव्वळ नशिबानेच इकडचे तिकडे होतात. शिवाय संघाचा प्रमुख खेळाडू कायरी अर्विंग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ब्लॅट यांच्या निम्म्याहून अधिक सामन्यांत नव्हता, लूंना तो मिळाला. तरीही विजय घटले! या हिशेबाने लू नापास आणि करंडकाच्या हिशेबाने थोर. दोन्ही हिशेब कच्चे आहेत.

ब्लॅट यांच्यासारखे अपवाद सोडले तर कोच बहुधा संघ गाळात असताना जातो, आणि गाळातला संघ थोडा वर येणारच असतो. अटलांटाचं पाहा. १४-२० वर असताना मार्च २०२१ मध्ये लॉइड पियर्स गेले, नेट मॅकमिलन आले, पुढे २७-११ आणि थेट कॉन्फरन्सची अंतिम फेरी. जादूच! फक्त त्याच सुमारास संघातला बोगदान बोगदानोविच दुखापतीतून परतला होता, हे कुणी मोजत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मॅकमिलनही गेले.

मग पाहायचं काय? चेंडू ताब्यात आल्याच्या दर शंभर खेपांमागे संघ किती गुण करतो आणि किती देतो, हे विजयांपेक्षा भरवशाचं. पण त्यातही प्रतिस्पर्ध्याचे तीन गुणांचे फटके आठवडाभर चुकत राहिले, तर नव्या कोचचा बचाव पोलादी दिसतो. म्हणून मी निकालाआधी सवयी पाहतो. स्टीव्ह कर २०१४ मध्ये कोच म्हणून गोल्डन स्टेटला आले, तेव्हा आदल्या हंगामात ५१ सामने जिंकलेला तो संघ पास देण्यात लीगमध्ये तळाला होता. सामन्याला साधारण २४५ पास. करनी ३०० चं लक्ष्य ठेवलं आणि संघ त्याच्याही पुढे गेला. करी आणि थॉम्पसन हे प्रमुख खेळाडू तेच, पण चेंडू वेगळा फिरू लागला. असा बदल नशिबाने होत नाही. त्यावर ६७ विजय आणि विजेतेपद आलं. (ड्रेमंड ग्रीनला मात्र सुरुवातीच्या पाचांत जागा मिळाली ती डेव्हिड लीच्या दुखापतीमुळे. नशीब तिथेही डोकावलंच.)

उलट मिलवॉकीने २०२४ च्या जानेवारीत एड्रियन ग्रिफिन यांना ३०-१३ वर काढलं. डॉक रिव्हर्स यांच्या हाताखाली संघ १७-१९ खेळला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. पण त्या मालिकेत संघाचा प्रमुख खेळाडू यानिस अँटेटोकुंपो दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. रिव्हर्सना दोष द्यायचा तर द्या, त्याला आकड्यांची साक्ष काढू नका.

ब्लॅट यांच्याबाबत माझं मत स्पष्ट आहे: त्यांना काढण्याचा निर्णय आकड्यांवरून झाला नव्हता, आणि विजेतेपदामुळे तो आकड्यांनी सिद्धही होत नाही. लूंनी पुढे क्लीव्हलँडला आणखी दोनदा अंतिम फेरीत नेलं. २०१८ मध्ये संघाचा आधारस्तंभ लेब्रॉन जेम्स लॉस एंजेलिसला गेला आणि नवा हंगाम सुरू होऊन सहा सामने होताच क्लीव्हलँडने लूंनाही काढलं. तेव्हाचा हिशेब होता ०-६.