तीन टक्के तिथेच राहिले

'टॅक्स हेवन हा आपला विषय नाही, आपला विषय शिष्यवृत्ती,' असे एका अभ्यासवर्गात एक तरुण कार्यकर्ता म्हणाला. आम्हाला हे मान्य नाही. शिष्यवृत्ती ज्या तिजोरीतून येते ती भरतो कोण आणि चुकवतो कोण, हा आपलाच विषय आहे. (बाबासाहेबांचा कोलंबियातला 1915 चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि वित्तावर होता, हे आपण सोयीने विसरतो.)

मॉरिशस घ्या. 1982 च्या भारत-मॉरिशस करारानुसार तिथल्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला, तर कर लावण्याचा अधिकार मॉरिशसचा. आणि मॉरिशस अशा नफ्यावर कर लावतच नव्हता. म्हणजे कर कुठेच नाही. भारतातलाच पैसा पोर्ट लुईला वळसा घालून 'परदेशी गुंतवणूक' म्हणून परत येतो, असा आरोप वर्षानुवर्षे होत राहिला. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाट कायदेशीर ठरवली. ती बंद व्हायला 2016 ची दुरुस्ती लागली. 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअर्सच्या नफ्यावर भारत कर घेऊ लागला.

दुसरा दबाव ओईसीडीचा. तिथल्या परदेशी व्यवहारांच्या कंपन्यांवर नावाला 15 टक्के कर होता, पण परदेशात कर भरलाच आहे असे गृहीत धरून त्यात 80 टक्के सूट मिळे. हातात उरत तीन टक्के. ओईसीडीने आक्षेप घेतला. 2019 पासून ही सूट गेली आणि तिच्या जागी ठरावीक उत्पन्नाचा 80 टक्के भाग करमुक्त झाला. उरलेल्या 20 टक्क्यांवर 15 टक्के कर. हिशेब करून पाहा, पुन्हा तीनच! मात्र एक खरा बदल झाला. सवलत हवी तर माणसे, खर्च आणि मुख्य काम तिथेच दाखवावे लागते. कपाटातली फाइल म्हणजे कंपनी, हे आता चालत नाही.

तरीही आम्ही मॉरिशसला खलनायक करणार नाही. उसाच्या मळ्यांसाठी वसवलेली ती वसाहत, स्वतंत्र झाली 1968 ला. कोकणातून नेलेल्या करारबद्ध मजुरांचे वंशज तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात. बेटावर ऊस आणि पर्यटनापलीकडे पोटापाण्याचे काय असणार? आणि नियम कोण करते? श्रीमंत देशांचा क्लब. 750 दशलक्ष युरोंच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांवर किमान 15 टक्के कर, हे 2021 मध्ये ठरले. आपण घेतला नाही तर फरक दुसरा देश वसूल करेल, म्हणून मॉरिशसनेही 2025 मध्ये तसा पूरक कर कायद्यात आणला. त्याच वर्षी जूनमध्ये जी-7 देशांनी अमेरिकी मुख्यालयांच्या कंपन्यांना या व्यवस्थेच्या दोन मुख्य नियमांतून वगळण्याची तयारी दाखवली. लहानाने नियम पाळायचे, मोठ्याने सूट घ्यायची. ही उतरंड आपल्याला नवी नाही.

आपले सरकारही धुतल्या तांदळाचे नाही. गुजरातच्या गिफ्ट सिटीत अनेक वर्षांच्या करमाफीचे असेच केंद्र उभे राहते आहे, आणि साबणाच्या वडीवर मजूर बाई जीएसटी भरते आहे.

संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय करसहकार्याच्या नव्या करारावर वाटाघाटी सुरू आहेत. त्या 2027 पर्यंत पूर्ण करायच्या आहेत. तिथे मॉरिशसलाही एक मत आणि अमेरिकेलाही एकच. अमेरिका 2025 मध्ये उठून गेली, ती उगीच नाही. भारत तिथे कोणती भूमिका मांडतो, हे आपल्या खासदारांना लेखी विचारा. सोबत गिफ्ट सिटीत माफ झालेल्या कराचा आकडाही मागा.