हेडफोन उत्तम, मग आवाज अडला कुठे?

जर्मनीत नोकरी करणारा मुलगा दिवाळीला बडोद्याला घरी येतो आणि येताना वडिलांसाठी एक हेडफोन घेऊन येतो. साधासुधा नव्हे, सेनहायझरचा एचडी ६००. १९९७ साली बाजारात आलेला आणि आजही जाणकारांच्या तोंडी असलेला. वडील बँकेतून निवृत्त झालेले, ख्यालगायकीचे जुने शौकीन. रात्री सगळे झोपले की दोन तास गाणे ऐकावे, एवढीच त्यांची चैन. मुलगा येताना फोनला लावायचा छोटा डोंगलही घेऊन आला, कारण हल्लीच्या बऱ्याच फोनना हेडफोनचे भोकच नसते.

बाबांनी हेडफोन कानांवर चढवला, आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेला, दहा मिनिटे ऐकले आणि उतरवून ठेवला. ‘छान आहे,’ म्हणाले. त्या ‘छान आहे’मधला सूर घरातल्या सगळ्यांना कळला. आलापी दुरून आल्यासारखी वाटत होती, तानपुरा जवळजवळ नव्हताच. ‘माझे कानच आता राहिले नाहीत,’ असे ते नंतर पत्नीला म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात गेला, तर तिथे त्याला हेडफोनच्या दुप्पट किमतीचा ॲम्प्लिफायर दाखवण्यात आला. ह्या हेडफोनला त्याच्या तोलामोलाचा ॲम्प्लिफायर हवाच, असे वर ऐकवण्यात आले.

कानांचा दोष आणि दुप्पट खर्च, ह्या दोन निष्कर्षांपैकी एकही स्वीकारण्याआधी थोडा हिशेब करावा. तो शाळेतल्या गणिताच्या पलीकडचा नाही.

गच्चीवरची टाकी आणि नळ डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब अधिक. नळ जितका रुंद तितके पाणी जास्त वाहणार. विजेत दाब म्हणजे व्होल्ट, प्रवाह म्हणजे अँपिअर आणि नळाचा अरुंदपणा म्हणजे ओहम. हेडफोनच्या खोक्यावर जो ‘इम्पिडन्स’ लिहिलेला असतो तो हाच. फोनबरोबर चालणारे हेडफोन बहुधा १६ किंवा ३२ ओहमचे असतात. एचडी ६०० तब्बल ३०० ओहमचा. त्याच्या आतल्या वेटोळ्याची तार फार बारीक आणि वेढे पुष्कळ. म्हणजे नळ अरुंद. त्याला पाणी थोडेच लागते, पण दाब मात्र भरपूर लागतो.

दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक वीज दिली तर आवाज किती निघेल याचा. एचडी ६०० ला एक मिलिवॅट दिले की सुमारे ९७ डेसिबल आवाज मिळतो. गाण्यातल्या क्षणिक उंच जागा, तबल्याची थाप किंवा एकदम वर गेलेली तान, न फाटता याव्यात म्हणून ११० डेसिबलपर्यंत मोकळी जागा हाताशी असावी. त्यासाठी लागतात २० मिलिवॅट. वीज नगण्यच, पण ३०० ओहममधून ती ढकलायची तर जवळजवळ अडीच व्होल्ट हवेत. तेवढीच वीज ३२ ओहमच्या हेडफोनला ०.८ व्होल्टमध्ये देता येते.

आता त्या डोंगलकडे वळू. काही फोन-कंपन्यांचा डोंगल भारतात किंवा अमेरिकेत घेतला तर पूर्ण आवाजाला एक व्होल्ट देतो. युरोपात विकली जाणारी त्याचीच आवृत्ती मात्र तिथल्या आवाजमर्यादेच्या नियमांमुळे अर्ध्या व्होल्टवर थांबवलेली असते. मुलाने तीच आणली होती! अर्ध्या व्होल्टला एचडी ६०० मधून जेमतेम ९६ डेसिबल निघतात, आणि तेही ध्वनिमुद्रणातल्या सर्वांत उंच टोकाला. आजची चित्रपटगीते सतत त्या टोकाजवळच वाजत असल्याने एवढ्यावर भागून जाते. विलंबित ख्यालाचे जुने ध्वनिमुद्रण मात्र बहुतेक वेळ त्या टोकाच्या वीस-वीस डेसिबल खाली असते, आणि मंद्र सप्तकातली आलापी त्याहूनही खाली. बाबांचे कान शाबूत होते. त्यांच्या टाकीची उंचीच कमी पडत होती.

हे कळले की खरेदीचा प्रश्न निम्मा सुटतो. व्होल्ट दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. एक व्होल्ट देणाऱ्या डोंगलवर हाच हेडफोन १०२ पर्यंत जातो आणि पुष्कळांना तेवढे पुरते. दोन व्होल्ट देणारे छोटे डोंगलही आता सर्रास मिळतात. त्यांच्यावर १०८ डेसिबल. जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी अजून थोडी मोकळीक हवी असेल तर तीन-चार व्होल्ट देणारा टेबलावरचा लहानसा ॲम्प्लिफायर घ्यावा. त्यापुढची ताकद ह्या हेडफोनच्या मालकाला कधीच वापरता येणार नाही.

पण सगळेच हेडफोन असे नसतात, आणि फसगत होते ती इथे. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ९९० एकाच नावाने ३२, २५० आणि ६०० ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारांत विकला गेला आहे. त्यातला ६०० ओहमचा घेतला तर सुमारे चार व्होल्टची सोय हवी. ३२ चा फोनवरही वाजतो. स्वस्तात मिळाला म्हणून नुसते नाव बघून कुणी उचलला, तर घरी आल्यावर पुन्हा ‘छान आहे’ ऐकावे लागायचे. दुसऱ्या टोकाला आहेत ‘प्लेनर’ हेडफोन, ज्यांत वेटोळ्याऐवजी पातळ पडद्यावरच वाहक पट्ट्या बसवलेल्या असतात. हायफायमॅनचा एचई-६ हा त्यांतला प्रसिद्ध खादाड: ५० ओहम आणि एका मिलिवॅटला फक्त ८३.५ डेसिबल. एचडी ६०० ला जिथे २० मिलिवॅट पुरतात तिथे ह्याला ४५० च्या आसपास लागतात. व्होल्टही हवेत आणि प्रवाहही, दहापटीहून जास्त. अशा हेडफोनच्या मालकाला दुकानदार ‘दणकट ॲम्प्लिफायर घ्या’ म्हणाला तर तो खरेच बोलतो आहे.

खोक्यावरच्या आकड्यांत आणखी एक मेख असते. संवेदनशीलता काही कंपन्या दर मिलिवॅटला सांगतात, काही दर व्होल्टला. एकेजीच्या के ७०१ वर १०५ डेसिबल लिहिलेले असते, एचडी ६०० चे आपण ९७ धरले. मग के ७०१ हलका, कशावरही वाजेल, असे वाटेल. पण ते १०५ दर व्होल्टचे आहेत. ६२ ओहमच्या हिशेबाने दर मिलिवॅटला काढले तर ९३ च भरतात. म्हणजे तो व्होल्ट कमी मागतो, पण वीज जास्त खातो. आकड्यापुढचे एकक वाचल्याशिवाय तुलना करणे म्हणजे किलोचा भाव आणि डझनाचा भाव ताडून पाहण्यासारखे आहे.

आता जी गोष्ट जाहिरातीत क्वचितच ठळक छापतात, पण जिच्यामुळे आवाजाचा रंग खरोखर बदलतो, ती: ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आतला अडथळा, म्हणजे ‘आउटपुट इम्पिडन्स’. हेडफोनचा अडथळा सगळ्या सुरांना सारखा नसतो. एचडी ६०० म्हणायला ३०० ओहमचा, पण खर्जाच्या एका पट्ट्यात, १०० हर्ट्झच्या खाली-वर, तो ५०० च्या पुढे जातो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अडथळा नगण्य असेल तर ह्याने काही बिघडत नाही. तो मोठा असेल तर मात्र जिथे हेडफोनचा अडथळा जास्त तिथे त्याला वाटा जास्त मिळतो आणि खर्ज फुगतो. म्हणून साधा नियम असा करतात की ॲम्प्लिफायरचा अडथळा हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमला ४ च्या आत, ३०० ला ३७ च्या आत. कानात घालायच्या छोट्या इअरफोनपैकी ज्यांत अनेक ड्रायव्हर असतात त्यांना तर एक ओहमच्या आतलाच ॲम्प्लिफायर हवा. नाहीतर त्यांचा सगळा चेहराच बदलतो. उलट प्लेनर हेडफोनचा अडथळा सगळ्या सुरांना जवळपास सारखा असल्याने त्यांना ह्याचा त्रास नाही.

व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे ॲम्प्लिफायर पुन्हा लोकप्रिय झाले आहेत. अंधारात त्यांची लालसर ऊब दिसते छान, हे मान्य करायला हवे. त्यातल्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जातीचा अडथळा बराच मोठा असतो. ३०० किंवा ६०० ओहमशी त्यांचे जमते, ३२ ओहमशी किंवा प्लेनरशी सहसा जमत नाही. ‘नळ्यांचा गोडवा’ म्हणून जे सांगतात त्यातला काही भाग ह्या फुगलेल्या खर्जाचा आणि थोड्याशा विकृतीचा असतो. आवडला तर जरूर घ्यावा. फक्त तो मुळाबरहुकूम आवाज आहे असे समजू नये.

मग महागड्या ॲम्प्लिफायरमध्ये असते तरी काय? मजबूत खोका, छान फिरणारी कळ, जास्त ताकद, जास्त जोडण्या. आवाजातला फरक त्या मानाने फार थोडा. २०११ मध्ये नाव गुप्त ठेवणाऱ्या एका अभियंत्याने ‘ओ-टू’ नावाचा छोटा ॲम्प्लिफायर आखला आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. साधे, स्वस्त, कुठेही मिळणारे भाग; आतला अडथळा सुमारे अर्धा ओहम; विकृती कानाला कळण्याच्या कितीतरी खाली. तेव्हापासून स्वच्छ आवाजासाठी पैशांची थप्पी लागते हे म्हणणे अवघड झाले आहे. पैसे असतीलच तर ते हेडफोनवर घालावेत. दोन हेडफोनमधला फरक घरातल्या आजीलाही कळतो. नीट जुळणाऱ्या दोन ॲम्प्लिफायरमधला फरक सांगताना भलेभले अडखळतात.

दुकानात ऐकून निवड करताना एक खबरदारी घ्यावी. जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. एक डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘जास्त सुस्पष्ट’ म्हणून जाणवतो. दोन ॲम्प्लिफायरचा आवाज मोजून सारखा केलेला नसेल तर त्या तुलनेला अर्थ नाही. चार टोकांच्या ‘बॅलन्स्ड’ जोडणीचेही तसेच. तिने व्होल्ट बहुधा दुप्पट मिळतात, म्हणून आवाज वाढतो आणि सगळे खूश होतात.

परदेशातून ॲम्प्लिफायर आणायचा असेल तर तो २३० व्होल्टवर चालतो का हे आधी पाहावे. अमेरिकेतला १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या प्लगमध्ये एकदाच वाजतो. ५० हर्ट्झची घुरघुर ऐकू आली तर आधी अर्थिंग तपासावे, ॲम्प्लिफायर बदलू नये. आणि बिनतारी हेडफोनसाठी ह्यातले काहीच लागत नाही, त्यांचा ॲम्प्लिफायर त्यांच्या पोटातच असतो.

बडोद्याच्या घरात दुप्पट किमतीचा ॲम्प्लिफायर आलाच नाही. आधी माळ्यावरचा जुना स्टिरिओ रिसीव्हर खाली काढला गेला. अशा रिसीव्हरमध्ये हेडफोनचे भोक बहुधा स्पीकरच्याच ॲम्प्लिफायरला काही शे ओहमचा रेझिस्टर लावून दिलेले असते. नियमात न बसणारी गोष्ट, पण ३०० ओहमच्या हेडफोनला व्होल्टची ददात नाही. खर्ज दोनेक डेसिबलने फुगला, डग्गा जरा गुबगुबीत झाला, आणि बाबांना तो तसाच आवडला. मुलाला मात्र नियम मोडवेना. त्याने दोन व्होल्टचा डोंगल घेतला, त्यावर तानपुऱ्याची जोडी डावी-उजवीकडे वेगवेगळी ऐकू येऊ लागली आणि डग्गाही मूळच्या मापात आला. आता दोन्ही सोयी घरात आहेत. एवढे करूनही ऐकू आले नसते तर कान तपासून घेणे योग्यच ठरले असते.

ताकद हाती आल्यावर काळजीही आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. शिवाय एचडी ६०० मागून उघडा असतो. रंगात आलेली तराण्याची तान शेजारच्या पलंगापर्यंत पोहोचते. तेव्हा आईने एका रात्री रिसीव्हरच्या कळीजवळ आपली एक लाल टिकली चिकटवली. कळ तिच्यापुढे न्यायची नाही.