रियाच्या नकाराचं काय झालं?

श्री. चेतन भगत यांस,


तुमची 'हाफ गर्लफ्रेंड' गेल्या आठवड्यात पुन्हा वाचली. २०१४ मध्ये पहिल्यांदा वाचताना जे मनाला लागलं होतं, ते या खेपेलाही तसंच लागलं. ते तुम्हाला जाहीरपणे सांगावं असं वाटलं, कारण ज्यांच्यासाठी तुम्ही हे पुस्तक लिहिलंत त्यांतलीच मी एक आहे.

मी कात्रजला राहते. इथे सातारा रस्त्याला, भारती विद्यापीठाच्या आजूबाजूला, गल्लोगल्ली कॉट बेसिसच्या खोल्या आहेत. सातारा, सांगली, सोलापूर, लातूरकडची मुलंमुली तिथे राहतात, मेसचा डबा खातात आणि दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं सगळं इंग्रजीत नव्याने शिकायला लागतात. मीही तशीच आले. व्हायवाला उत्तर येत असायचं. पण पहिलं वाक्य मनात जुळवेपर्यंत सर पुढच्या मुलाकडे वळलेले असायचे. 'मराठीत सांगू का?' हे ओठांवर यायचं आणि तिथेच राहायचं.

त्या दिवसांत तुमचं 'फाइव्ह पॉइंट समवन' हाती आलं. डिक्शनरी न उघडता, शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं माझं ते पहिलं इंग्रजी पुस्तक. 'वन नाइट ॲट द कॉल सेंटर'ची किंमत होती ९५ रुपये. अप्पा बळवंत चौकातून एकीने आणायचं आणि खोलीतल्या सगळ्यांनी आळीपाळीने वाचायचं. समीक्षक तुमच्या भाषेला नावं ठेवायचे तेव्हा आम्हाला त्यांचा राग यायचा. इंग्रजी वाचायची आमची भीती तुम्ही मोडलीत. ते ऋण मी आजही मानते.

म्हणून 'हाफ गर्लफ्रेंड' येणार म्हटल्यावर आम्ही किती वाट पाहिली असेल! अर्पणपत्रिकेतच तुम्ही ग्रामीण भारताची आणि इंग्रजी न येणाऱ्यांची आठवण काढली होती. सुरुवातही तशीच. बिहारमधल्या डुमरावचा माधव झा दिल्लीतल्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या मुलाखतीत बसलाय, डोक्यात सगळं आहे आणि तोंडातून मोडकंतोडकं इंग्रजी बाहेर पडतंय. ती पानं वाचताना मला घाम फुटला होता. ही आमची गोष्ट होती.

मग रिया येते. दोघं बास्केटबॉल खेळतात, मैत्री होते. माधवला त्यापुढे जायचं असतं, तिला नसतं. ती अर्ध्यावर थांबायला तयार होते, तेही त्याचं मन राखण्यासाठी. हॉस्टेलचे मित्र त्याला डिवचतात. तो तिला खोलीवर बोलावतो, तिचं 'नको' ऐकत नाही, जबरदस्ती करू बघतो आणि गलिच्छ शब्दांत धमकावतो. ती निघून जाते.

असा मुलगा लिहिलात याबद्दल माझी तक्रार नाही. अशी मुलं असतात. मित्रांपुढे नाक कापलं जाऊ नये म्हणून माणूस कुठवर घसरतो, हे लिहायलाच हवं. माझी तक्रार पुढच्या पानांबद्दल आहे. माधव माफी मागतो, रिया कॉलेज सोडून लग्न करते आणि कादंबरी तो प्रसंग मागे टाकून चालू लागते. त्या खोलीत तिच्यावर काय गुदरलं, पुढे त्याच मुलावर विश्वास ठेवताना तिला आतून काय काय ओलांडावं लागलं, हे तिच्या बाजूने तुम्ही कुठे थांबून ऐकलंत? उरलेलं सगळं पुस्तक माधवचं प्रेम किती मोठं, हे सिद्ध करण्यात जातं. आणि शेवटी त्याला रिया मिळते, चिकाटीचं फळ मिळाल्यासारखी.

पुस्तक आलं ते साल आठवा. डिसेंबर २०१२ मध्ये याच दिल्लीत चालत्या बसमध्ये सामूहिक बलात्काराची ती भयंकर घटना घडली होती. त्यानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीचा अहवाल जानेवारी २०१३ मध्ये आला. त्याच वर्षी कायदा बदलला: मुलीचा पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि तिने अंगाने प्रतिकार केला नाही म्हणजे तिची संमती होती असं धरता येणार नाही, हेही कायद्यात आलं. पुढच्याच वर्षी देशातल्या तरुणांचा सर्वाधिक खपाचा लेखक दिल्लीच्या कॉलेजमधली प्रेमकथा घेऊन येतो आणि त्यात मुलीचा नकार म्हणजे नायकाने पार करायचा एक अडथळा असतो. मला हे फार लागलं.

बाकीचं थोडक्यात सांगते. रियाचा कॅन्सरचा बनाव, डुमरावच्या शाळेत बिल गेट्स, न्यूयॉर्कच्या बारमधून गाणाऱ्या मुलीचा शोध. हे हिंदी सिनेमासाठी रचल्यासारखं वाटतं, आणि २०१७ मध्ये सिनेमा आलाही. त्यात एक खरी गोष्ट मात्र वाया गेली. माधवच्या आईच्या शाळेत स्वच्छतागृह नाही म्हणून मुली शाळा सोडतात. केवढा मोठा विषय! तो उरतो माधवच्या इंग्रजी भाषणाचं निमित्त म्हणून. भाषण होतं, देणगी मिळते, माधव जिंकतो. ज्या लाजेने त्याला पोखरलं होतं, तिच्यावर इलाज काय, तर चांगलं इंग्रजी. हे तर आम्हाला नाक्यावरचा स्पोकन इंग्लिशचा क्लासवालाही सांगत होता.

नायकाला मुलगी न मिळताही गोष्ट सांगता येते. आमच्याकडे मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी आहे, तुमच्या पहिल्या कादंबरीच्याच साली, २००४ मध्ये आलेली. आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा मुलगा वर्गातल्या शिरोडकरसाठी झुरतो. ती गाव सोडून जाते आणि लेखक तिला परत आणत नाही. 'हाफ गर्लफ्रेंड'च्याच वर्षी, १४ फेब्रुवारीला, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा सिनेमा आला. त्यातल्या जब्याला शालू मिळत नाही, आणि का मिळत नाही ते पाहताना आपल्याला तोंड लपवावंसं वाटतं. ही दोन्ही पोरं माझ्या मनात घर करून आहेत.

मी आता कॉलेजच्या मुलांबरोबर काम करते. तुमचं पुस्तक अजून त्यांच्या हातात दिसतं. 'एकदा नाही म्हणाली म्हणून काय झालं, मागे लागायचं' हा सल्ला मुलं एकमेकांना मनापासून देतात. त्या सल्ल्यापायी मागे लागलेल्या मुलाला टाळायला एक मुलगी रोज एक स्टॉप आधी उतरून घरापर्यंत चालत जायची. सगळा दोष मी तुमच्या माथी मारत नाही, आपला सिनेमा हे वर्षानुवर्षं शिकवतो आहे. पण ही मुलं समीक्षकांचं वाचत नाहीत, तुमचं वाचतात.

२०१६ मध्ये 'वन इंडियन गर्ल'मध्ये तुम्ही बाईच्या तोंडून गोष्ट सांगितलीत. म्हणजे हा प्रश्न तुमच्याही मनात असणार. म्हणून एक मागणं आहे. नकार मिळालेल्या मुलाची कादंबरी लिहा, जो नकार ऐकून थांबतो. थांबल्यावर तो मित्रांना काय सांगतो, तिच्यासोबत एकाच वर्गात कसा बसतो, रात्री फोन हातात घेऊन परत कसा ठेवतो, आणि वर्षभराने ती समोरून आली तर दोघं काय बोलतात, ते लिहा. त्याला इंग्रजी आलं नाही तरी चालेल. मुलांना कळेल अशा सोप्या भाषेत हे लिहिणं तुम्हाला जमेल याची मला खात्री आहे. पुस्तक आलं की पहिल्याच दिवशी अप्पा बळवंत चौकात जाऊन घेईन.

कळावे,
आपली एक वाचक
कात्रज, पुणे