सात वाचला, बारा कोण वाचणार?

सरकारी खजिन्यांतून शेतकऱ्याच्या घरीं चार पैसे येऊं लागले, याबद्दल आमची तक्रार नाहीं. आमचा प्रश्न एवढाच, कीं सरकार शेतकरी म्हणतें कोणाला? रात्रीं पाणी पाजायला जाणाऱ्याला, कीं तलाठ्याच्या दप्तरांत ज्याचें नांव आहे त्याला?

फेब्रुवारी २०१९ मध्यें दिल्ली सरकारनें पंतप्रधान किसान सन्मान निधि सुरू केला. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांनीं, थेट बँकेच्या खात्यांत. आरंभीं ही मदत २ हेक्टरपर्यंतच्या खातेदारांपुरती होती. त्याच वर्षीं ती मर्यादा उठविली. २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें आणखी ६,००० रुपयांची भर घातली, तीहि त्याच यादीला.

ही यादी होते कशी? ज्याच्या नांवावर जमीन, त्याचें कुटुंब पात्र! सातबारा एकच कागद दिसतो, पण ते दोन नमुने आहेत. नमुना सात सांगतो मालक कोण. नमुना बारा सांगतो शेतांत पीक कोणतें. सरकार सात वाचतें आणि दप्तर मिटतें. बारावर चढलेला कापूस आणि ज्वारी कोणाच्या हातांनीं उभी राहिली, हें कोणी विचारीत नाहीं.

मालक शहरांत राहतो. रान गांवांतल्या एखाद्या मजुरानें किंवा धंदा बसलेल्या कुंभारानें अर्धेलीनें केलेलें असतें. राबणूक त्याची, उसनवारी त्याची, गारपिटीचा फटका त्याला. आणि १२,००० रुपये मालकाला! कष्टाचे दोन वाटे होत नाहींत, पिकाचे होतात. मदतीचा मात्र एकच वाटा, तोहि न राबणाऱ्याचा.

प्राप्तिकर भरणारे व बडे नोकरदार यांना नियमानें वगळलें आहे, असें उत्तर मिळेल. परंतु जुलै २०२१ मध्यें लोकसभेंतच सरकारनें सांगितलें, कीं सुमारें ४२ लक्ष अपात्र लोकांना जवळजवळ ३,००० कोटि रुपये गेले. म्हणजे जे नकोत ते आंत शिरले, आणि जो हवा तो दाराबाहेर उभा!

मग वाटेकरी करार लिहून कां घेत नाहीं? १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनीं पुष्कळ कुळें मालक झालीं, हें त्या कायद्याचें मोठें पुण्य. पण तेव्हांपासून मालकाच्या मनांत भीति बसली, कीं कागद झाला तर जमीन गेली. म्हणून व्यवहार तोंडी झाले, आणि तोंडी कुळाला ना मदत, ना बँकेचें कर्ज.

बायांची गत तीच. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत देशांतल्या शंभर खातेदारांत बाया अवघ्या चौदा. खुरपें बाईच्या हातीं, खातें बुवाच्या नांवें!

यावर उपाय नाहीं असें नाहीं. २०१८ च्या अखेरीस ओडिशा सरकारनें आपल्या 'कालिया' योजनेंत भूमिहीन मजूर व वाटेकरी यांनाहि धरलें. आंध्रांत २०१९ च्या कायद्यानें कसणाऱ्याला अकरा महिन्यांचा दाखला ठरविला. पण त्यावर मालकाची सही लागे, आणि तेथेंच घोडें पेंड खाई.

आमची मागणी साधी आहे. दर हंगामांत ग्रामसभेपुढें बारा वाचावा, शेत कोण करतो तें चारचौघांत नोंदवावें, त्या नोंदीनें मालकीला धक्का लागणार नाहीं असा कायदा करावा, आणि मदत त्या नोंदीप्रमाणें द्यावी.

शेवटीं एक कडू गोष्ट. हे मालक सगळे सावकार नव्हेत. पुष्कळ आपलेच भाऊबंद आहेत. सरकारपाशीं न्याय मागणाऱ्यानें आधीं आपल्या वाटेकऱ्याकडे पाहावें. येत्या ग्रामसभेंत त्याचें नांव कोण घेतो, तें गांव पाहणार आहे.